मेलेल्या बैलाचं पुढं काय होतं?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा ज्यांचे इयरफोन पुन्हा एकदा हरवलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे काय आहे ना' तेवढे काढलेत, बाकी सगळं तसंच आहे.

शाळेच्या पुस्तकातलं एक चित्र तुम्हाला नक्की आठवत असेल. गवत, गवतावर नाकतोडा, नाकतोड्यामागे बेडूक, बेडकामागे साप आणि सगळ्यात शेवटी ऐटीत बसलेला गरुड. मध्ये बाण. खाली लिहिलेलं असायचं, 'अन्नसाखळी'. परीक्षेत चार मार्कांना यायचं. आपण गरुडापाशी थांबायचो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचो.

पण गरुड मेल्यावर काय? बैल मेल्यावर काय? त्या चित्रात गरुडाच्या पुढं बाणच नाही. जणू काही गोष्ट तिथं संपली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुठल्याही सिस्टीमचा नकाशा काढला की चमकदार गोष्टी आधी दिसतात: ॲप, स्क्रीन, बटणं. रात्री दोन वाजता जुन्या फाइली साफ करणारी एक छोटीशी स्क्रिप्ट असते, ती कुणी नकाशात दाखवत नाही. ती बंद पडली तरी पहिले काही दिवस कुणाला कळत नाही. मग डिस्क भरते आणि सगळंच ठप्प होतं. आजची गोष्ट अशाच एका सफाई कामगाराची आहे. तो सफाई कामगार म्हणजे गिधाड. भारतात हे काम १९९० च्या दशकात बंद पडलं, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना बहुतेक वेळा कळलंही नाही की आपण कशाची किंमत मोजतोय.

साखळी कागदावर कधी आली?

कोण कुणाला खातं हे माणसाला पहिल्यापासून माहीत आहे. शिकारी, गुराखी, कोळी, सगळ्यांना माहीत होतं. पण 'फूड चेन' हा शब्द विज्ञानात रुजवला तो चार्ल्स एल्टन नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं. १९२७ साली त्याचं 'ॲनिमल इकॉलॉजी' हे पुस्तक आलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. आर्क्टिकमधल्या बर्फाळ, उजाड बेटांवर जाऊन त्यानं कोण काय खातो याची जाळी काढली होती. तिथं प्राणी कमी, त्यामुळे नकाशा काढणं शक्य होतं.

एल्टनची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशा सगळ्या साखळ्या मिळून जे तयार होतं त्याला तो 'फूड सायकल' म्हणायचा. म्हणजे चक्र. आज आपण त्याला अन्नजाळं म्हणतो. शाळेच्या पुस्तकात मात्र शिडीच उरली: खाली गवत, वर गरुड.

पंधरा वर्षांनी, १९४२ मध्ये, अमेरिकेतल्या रेमंड लिंडमन नावाच्या तरुणाचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मिनेसोटामधल्या एका छोट्या तळ्याचा त्यानं काही वर्षं अभ्यास केला होता. सूर्याची ऊर्जा वनस्पतींत, तिथून किड्यांत, माशांत कशी जाते याचा हिशेब त्यानं मांडला. तज्ज्ञांनी आधी तो निबंध नापसंत केला होता. शेवटी तो छापून आला, पण लिंडमन ते बघायला उरला नाही. सत्ताविसावा वाढदिवस येण्याआधीच आजारानं तो गेला.

त्याच्या निबंधात एक आकृती आहे. तिच्या मध्यभागी मोठा मासा नाही, पाणपक्षी नाही. मध्यभागी आहे तळ्याच्या तळाचा गाळ. मेलेलं, कुजणारं, पुन्हा अन्न होणारं सगळं. बाण तिथं येतात आणि तिथूनच निघतात. मला ही आकृती फार आवडते. कारण ती सांगते की मरण हे साखळीचं टोक नसतं, ते मधलं जंक्शन असतं.

गावातली साखळी

आता युरोप-अमेरिका सोडा आणि आपल्या गावात या. ट्रॅक्टरच्या आधीचं गाव डोळ्यांसमोर आणा. बैल म्हणजे नांगर, मोट, गाडी, सगळं. बैल आयुष्यभर राबायचा आणि एक दिवस गोठ्यात मान टाकायचा. चार-पाचशे किलोचं धूड. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच फुगायला लागतं. त्याचं करायचं काय?

गावानं याचं एक उत्तर काढलं होतं, आणि ते उत्तर जातीवर उभं होतं. मेलेलं ढोर ओढून गावाबाहेर न्यायचं काम महार समाजावर लादलेलं होतं. कातडं सोलणं, कमावणं हे ठरावीक जातींकडे. त्या कातड्याची पुन्हा मोट व्हायची, वहाण व्हायची. आणि हे करणाऱ्या माणसांना इतकं गरीब ठेवलं जायचं की मेलेल्या जनावराचं मांस हाच त्यांच्या पोटाचा आधार व्हावा. मग त्याच मांसासाठी त्यांना हीन ठरवायचं. निसर्गात कोण काय खाणार हे शरीर ठरवतं. गावात ते जात ठरवत होती.

योगायोग बघा. एल्टनचं पुस्तक आलं त्याच वर्षी, १९ आणि २० मार्च १९२७ ला, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह म्हणून आपल्याला ती माहीत आहे. तळ्याच्या पाण्याइतकाच आणखी एक मुद्दा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं मांडला होता: मेलेल्या जनावरांचं मांस खाणं सोडा, उष्ट्या-शिळ्यावर जगणं सोडा. पुढच्या काळात असंख्य कुटुंबांनी ढोरं ओढायचं काम आणि ते मांस, दोन्ही सोडलं. त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला.

अन्नसाखळीच्या एपिसोडमध्ये हे कशाला, असं कुणी विचारेल. कारण 'निसर्गात सगळे एकमेकांवर अवलंबून असतात' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण माणसांच्या बाबतीत कोण कुणावर कुठल्या अटींवर अवलंबून आहे हे विचारल्याशिवाय ते अर्धवट राहतं. माणसाला त्या साखळीतून बाहेर पडायचा पूर्ण हक्क होता. आणि तो बाहेर पडू शकला तेव्हाही गावाबाहेर टाकलेलं जनावर साफ होत राहिलं. कारण ते काम स्वतःहून, पिढ्यान्‌पिढ्या करणारं कुणीतरी आभाळात होतं.

आभाळातली माणसं... सॉरी, पक्षी

गिधाडाला आपल्या भाषेनं कधी प्रेमानं वागवलं नाही. 'गिधाडासारखे तुटून पडले', 'लचके तोडले' हे आपण राजकारण्यांबद्दल म्हणतो. पण त्या तुटून पडण्याचं गणित भारी आहे.

गिधाड पंख फारसे न हलवता गरम हवेच्या प्रवाहावर तासन्‌तास तरंगतं. खाली नजर, आणि बाजूला दुसऱ्या गिधाडांवरही नजर. एकानं खाली सूर मारला की दूरवरचं दुसरं त्याला बघतं, त्याला बघून तिसरं. बघता बघता शेकडोंचा थवा उतरतो. मोठा थवा असेल तर गाईएवढं जनावर तासाभरात हाडांपर्यंत साफ. त्यांच्या पोटातलं ॲसिड इतकं जहाल असतं की सडलेल्या मांसातले बहुतेक जंतू तिथंच संपतात. उरलेली हाडं गोळा करून विकणारे लोक असायचे, हाडांचं खत व्हायचं आणि ते पुन्हा शेतात. म्हणजे परत गवत. एल्टनचं चक्र पूर्ण.

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यातल्या पांढऱ्या पाठीचं गिधाड, लांब चोचीचं गिधाड आणि बारीक चोचीचं गिधाड या तीन जाती गावागावांत, शहरांच्या कडेला असायच्या. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा बहुधा जगातला सगळ्यात जास्त संख्येनं असलेला मोठा शिकारी वर्गातला पक्षी होता. देशातल्या सगळ्या गिधाडांची संख्या काही कोटींत होती असा अंदाज सांगतात. कुणी नेमकी मोजली नव्हती. रोज दिसणाऱ्या गोष्टी आपण मोजत नाही, कावळे कुठं मोजतो?

भारताइतकी गिधाडं असायला कारणही साधं होतं. इथं गुरं प्रचंड. २०१९ च्या पशुगणनेत गाई-बैल १९ कोटींहून जास्त आणि म्हशी जवळपास ११ कोटी होत्या. आणि त्यातल्या बऱ्याच जनावरांचं मांस कुणी खात नाही. म्हणजे पक्ष्यांसाठी अन्नाला तोटा नाही आणि गावाला सफाईचा खर्च नाही.

भरतपूरचे आकडे

राजस्थानात भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे, म्हणजे आपल्या मुंबईतल्या बीएनएचएसचे, शास्त्रज्ञ विभू प्रकाश तिथं शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ च्या हंगामात तिथं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्यांनी घरटी केली होती. १९९६-९७ मध्ये हा आकडा १५० वर आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत घरटी संपलीच. झाडांवर माना खाली टाकून बसलेली गिधाडं दिसायची, आणि मग झाडाखाली मेलेली.

१९९० च्या सुरुवातीला देशभर ज्या रस्त्यांवरून गाडीनं फिरून शिकारी पक्षी मोजले होते, त्याच रस्त्यांवरून पुन्हा मोजणी झाली. २००० मध्ये, मग पुढंही. २००७ चा आकडा असा: पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत ९९.९ टक्के घट. म्हणजे हजारातलं एक उरलं. बाकी दोन जातींत मिळून जवळपास ९७ टक्के घट.

माझा जन्म १९९७ चा. म्हणजे मी पाळण्यात होतो तेव्हा ही पडझड जोरात चालू होती, आणि मी शाळेत जाईपर्यंत काम तमाम झालं होतं. माझ्या वडिलांच्या पिढीसाठी गिधाड म्हणजे गावाबाहेर रोज दिसणारा पक्षी. माझ्या पिढीसाठी म्हणजे कार्टूनमधला पक्षी. एका पिढीत.

डिबगिंग

कारण शोधायला वेळ लागला. कीटकनाशक असेल, कुठला तरी नवा विषाणू असेल, असे तर्क होते. विषाणूवर बऱ्याच जणांचा भर होता, कारण इतक्या मोठ्या भागात इतक्या वेगानं मरण पसरतं ते साथीसारखंच दिसतं.

उत्तर मिळालं सीमेपलीकडे, पाकिस्तानातल्या पंजाबात. अमेरिकन पशुवैद्यक शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं तपासत होते. बहुतेकांच्या आतल्या अवयवांवर पांढरा, खडूसारखा थर. तो होता युरिक ॲसिडचा. मूत्रपिंड बंद पडलं की पक्ष्यांत असं होतं. पण विषाणू सापडेना, कीटकनाशक सापडेना.

मग त्यांनी प्रश्न उलटा केला, आणि मला इंजिनिअर म्हणून ही पायरी फार पटते. गिधाडाला काय झालंय हे विचारणं थांबवून त्यांनी विचारलं, गिधाड जे खातं त्याला काय दिलं जातंय? जनावरांचे डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली. गुरांना दिलं जाणारं, पोटातून रक्तात उतरणारं आणि मूत्रपिंडाला धोकादायक ठरू शकेल असं एक औषध समोर आलं: डायक्लोफेनॅक.

हो, तेच. पाठ दुखली की आपण लावतो त्या जेलमध्ये असतं ते. माणसांसाठी ते १९७० च्या दशकापासून वापरात होतं. पेटंटची मुदत संपल्यावर ते स्वस्त झालं, आणि १९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत भारतात गुरांसाठी सर्रास मिळू लागलं. लंगडणारा बैल, ताप आलेली म्हैस, सडाला सूज आलेली गाय, एक इंजेक्शन आणि जनावर उभं.

मूत्रपिंड बंद पडून मेलेली २५ गिधाडं तपासली, पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत डायक्लोफेनॅक सापडलं. दुसऱ्या कारणानं मेलेली १३ तपासली, एकातही नाही. २००४ च्या सुरुवातीला 'नेचर' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. गाईला बरं करणारं औषध गिधाडाला एक-दोन दिवसांत मारत होतं.

शंभरात एकही नको

इथं कुणालाही प्रश्न पडेल. गुरांना औषध दिलं तरी ती बहुतेक बरी होतात. औषध दिल्यावर लगेच मेलेली आणि उघड्यावर टाकलेली जनावरं अशी किती असणार? त्यानं कोट्यवधी पक्षी कसे संपतील?

शास्त्रज्ञांनी याचं गणित मांडलं. गिधाडांची दिसलेली घट घडवून आणायला शंभरातल्या एका मेलेल्या जनावरातही विष असण्याची गरज नव्हती. एक टक्क्याहूनही कमी पुरेसं होतं. प्रत्यक्षात नंतर देशभर नमुने तपासले, तेव्हा साधारण दहा टक्के मेलेल्या जनावरांत डायक्लोफेनॅक होतं.

कारण दोन. पहिलं, गिधाडं थव्यानं जेवतात. जी पद्धत त्यांची ताकद होती, एकाला दिसलं की सगळ्यांना कळतं, तीच उलटली. एका विषारी जनावरावर अख्खा थवा उतरायचा. दुसरं, गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लाला वयात यायला साधारण पाच वर्षं लागतात. वर्षात थोडे जास्त मोठे पक्षी मेले तरी ती तूट भरून निघत नाही. उंदीर, कुत्री, झुरळं तूट भरून काढतात. गिधाडं नाही.

रिकामी जागा कुणी घेतली?

गिधाडं गेली म्हणून गुरं मरायची थांबली नाहीत. मांस तिथंच होतं. ते खायला कुणीतरी येणारच.

कुत्री आली. भटकी कुत्री वर्षातून दोनदा वितात, एका वेळी चार-सहा पिल्लं. पोटभर अन्न मिळालं की पिल्लं जगतात. पण कुत्रा जनावर गिधाडासारखं साफ करत नाही. तो खातो, सोडतो, परत येतो. उरलेलं सडतं, पाण्यात जातं. आणि कुत्र्यासोबत येतो रेबीज. भारतात माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्याच्या चाव्यातून येतो, आणि लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही.

अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक हिशेब मांडला. गिधाडं कमी होण्याच्या काळात कुत्री निदान ५५ लाखांनी वाढली, आणि त्यामुळे रेबीजचे सुमारे ४७ हजार जास्तीचे मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

२०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धत आमच्या क्षेत्रातल्या ए-बी टेस्टसारखी आहे. जिथं पूर्वी गिधाडं भरपूर असायची असे जिल्हे एका बाजूला, जिथं मुळातच फारशी नव्हती ते दुसऱ्या बाजूला. औषध स्वस्त होण्याआधी दोन्हीकडचा मृत्युदर सारखा चालला होता. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत तो ४ टक्क्यांहून जास्त वाढला. रेबीजच्या लशींची विक्री वाढली, पाण्याचा दर्जा घसरला. त्यांचा अंदाज: २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली. वर्षाला जवळपास एक लाख.

ही माणसं मोजून काढलेली नाहीत, हा हिशेबातून आलेला अंदाज आहे. तरी त्याचा अर्थ विसरता येत नाही. ही माणसं कोण असतील? सकाळी शेताकडे चालत जाणारी, उघड्या विहिरीचं पाणी पिणारी, लस मिळायला तालुक्याच्या गावाला जावं लागणारी. गावाबाहेरच्या ज्या जागेत ढोर टाकायचं, तिथंच ज्यांची वस्ती ठेवली गेली होती, ती. साखळी तुटली की ती तुटलेल्या टोकाजवळ राहणाऱ्यावर आधी पडते.

मुंबईतल्या पारशी समाजावर वेगळाच आघात झाला. त्यांच्या धर्मात मृतदेह जाळत किंवा पुरत नाहीत, कारण अग्नी आणि माती पवित्र. मलबार हिलच्या डुंगरवाडीत दोखम्यात देह ठेवायचा आणि गिधाडांनी तो न्यायचा. शेवटचं दान. शतकानुशतकं चाललेली ही रीत पक्ष्यांवर अवलंबून होती. पक्षी गेल्यावर देहावर सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली, त्यावरून समाजात मोठे वाद झाले. २०१५ मध्ये दहन करू इच्छिणाऱ्या पारशांसाठी वरळीला प्रार्थनागृह सुरू झालं. गुरांच्या औषधानं एका समाजाचे अंत्यसंस्कार बदलले.

बंदी आणि पळवाट

२००६ मध्ये भारत सरकारनं गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पर्यायही सापडला होता: मेलॉक्सिकॅम. गुरांची वेदना कमी होते आणि गिधाडाला त्रास होत नाही, हे चाचण्यांत दिसलं होतं.

पण बंदी होती ती गुरांच्या औषधावर. माणसांचं डायक्लोफेनॅक दुकानात होतंच, तेही ३० मिलीच्या मोठ्या बाटलीत. माणसाला एका वेळी ३ मिली लागतं. मग ३० मिलीची बाटली कुणासाठी? उघड होतं. ही पळवाट बुजवायला २०१५ उजाडलं, तेव्हा एका बाटलीत ३ मिलीची मर्यादा आली. पुढं कळलं की असिक्लोफेनॅक हे दुसरं औषध गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं. आणि किटोप्रोफेनही गिधाडांना घातक आहे. २०२३ मध्ये या दोन्हींवर गुरांसाठी बंदी आली. म्हणजे पहिल्या बंदीनंतर सतरा वर्षांनी.

दरम्यान हरियाणात पिंजोरला बीएनएचएस आणि तिथल्या वन विभागानं गिधाडांचं प्रजनन केंद्र उभं केलं. तिथं वाढलेले पक्षी २०२४ मध्ये आपल्याकडे विदर्भात, ताडोबा आणि पेंचला आणले गेले. गडचिरोलीत आणि रायगडच्या फणसाडमध्ये 'गिधाड उपाहारगृहं' झाली, म्हणजे औषधमुक्त मेलेलं जनावर ठेवायची राखीव जागा. आणि महाड ज्या रायगड जिल्ह्यात येतं, त्याच जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात गावकऱ्यांनी आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं मिळून आपल्या गावची गिधाडं राखली.

घसरण बऱ्याच अंशी थांबली आहे. पण कोटींच्या जागी आता हजार आहेत. वर्षाला एक अंडं या वेगानं जुना आकडा परत यायला किती पिढ्या लागतील, तुम्हीच विचार करा.

यात खलनायक कोण?

ही गोष्ट वाचताना मी खलनायक शोधत होतो. सापडला नाही, आणि तेच मला जास्त अस्वस्थ करतं. औषध कंपनीनं स्वस्त औषध काढलं. डॉक्टरनं दुखणाऱ्या जनावराला दिलं. शेतकऱ्यानं तर मायेपोटी पदरचे पैसे घातले. बैल लंगडतोय, त्याला आराम पडावा, एवढंच. प्रत्येकानं आपल्यासमोरचा बाण बघितला. बैलाच्या पुढचा बाण कुणीच बघितला नाही, कारण तो कुणी कधी काढलाच नव्हता. औषध गुरांसाठी सुरक्षित आहे का, हे तपासलं गेलं. गूर मेल्यावर त्याला जो खाईल त्याच्यासाठी सुरक्षित आहे का, हे विचारायची पद्धतच नव्हती.

आता दोन कामाच्या गोष्टी. तुमच्या घरी किंवा गावी गुरं असतील तर डॉक्टरांना एवढंच विचारा, "हे मेलॉक्सिकॅम आहे का?" दुसरं काही लिहून देत असतील तर कारण विचारा. आणि कुत्रा चावला तर हळद-मिरची लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, सगळे डोस पूर्ण करा.

आणि घरात कुणी पाचवी-सहावीत असेल, वहीत अन्नसाखळी काढत असेल, तर गरुडाच्या पुढं एक बाण काढायला सांगा. तिथं गिधाड येऊ दे, किडे येऊ देत, बुरशी येऊ दे, आणि शेवटचा बाण वळून पुन्हा गवताकडे जाऊ दे. मास्तर मार्क कापतील कदाचित. पण चित्र बरोबर असेल.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या आजी-आजोबांनी गिधाडं पाहिली असतील तर त्यांना कुठं, कधी, किती, हे विचारून आम्हाला आवाजी निरोप पाठवा. मोजायचं राहून गेलेलं आता निदान आठवणीतून तरी नोंदवून ठेवू.